फाईल कोणाची? रुग्णाच्या कागदांची अमानत

सकाळी आमगाव स्टेशनवर गोंदिया-नागपूरकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहणारी माणसे नीट पाहिली, तर त्यातली काही लगेच ओळखू येतात. एका हातात जेवणाचा डबा, दुसऱ्या हातात एक्स-रेचे मोठे पाकीट, नाहीतर कागदांनी फुगलेली प्लास्टिकची पिशवी. आपल्या भागातील आजारपणाची वाट ठरलेली आहे. आधी गावातला डॉक्टर, मग आमगावचे ग्रामीण रुग्णालय किंवा एखादा खासगी दवाखाना. तिथे जमले नाही तर गोंदिया, आणि तिथेही भागले नाही तर नागपूरचे मेडिकल किंवा मेयो. माणूस एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात जातो. त्याचे कागद मात्र बरेचदा मागेच राहतात.

आमच्या घरी हेच घडले. अब्बांच्या छातीत दुखू लागले म्हणून त्यांना एका खासगी रुग्णालयात भरती केले. सहा दिवसांनी सुट्टी झाली आणि हातात एका पानाचे डिस्चार्ज कार्ड मिळाले. आजाराचे नाव, पाच गोळ्या आणि 'पंधरा दिवसांनी दाखवा' एवढेच त्यावर होते. पुढे त्रास वाढला आणि नागपूर गाठावे लागले. तिथल्या डॉक्टरांनी विचारले, "भरती असताना कोणती इंजेक्शने दिली? इको कधी केला, त्याचा रिपोर्ट कुठे आहे? कोणत्या औषधाची ॲलर्जी?" पहिल्या दोन प्रश्नांना आमच्याकडे उत्तर नव्हते. तिसऱ्याला आम्ही बेधडक सांगितले, "नाही साहेब, ॲलर्जी काही नाही."

जुने कागद मागायला मी परत त्या रुग्णालयात गेलो. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "फाईल दवाखान्याची असते. तुम्हाला डिस्चार्ज कार्ड दिले ना?" दुसऱ्या खेपेला उत्तर मिळाले, "फाईल कशाला पाहिजे? केस करायची आहे का?" मला केस करायची नव्हती, अब्बांचा इलाज करायचा होता. शेवटी मोहल्ल्यातील एका निवृत्त मास्तरांनी साधा अर्ज लिहून दिला आणि म्हणाले, "तोंडी मागू नकोस. हा दे आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घे." शिक्का मारून घेतला आणि तिसऱ्या दिवशी एक्केचाळीस पानांच्या झेरॉक्स मिळाल्या.

त्यात नर्सने लिहिलेली एक ओळ होती. तिसऱ्या रात्री एक इंजेक्शन दिल्यावर अब्बांच्या अंगावर पुरळ उठले, धाप लागली आणि ते इंजेक्शन बंद केले, अशी ती नोंद होती. डिस्चार्ज कार्डावर याचा उल्लेख नव्हता. अब्बा त्या रात्री ग्लानीत होते आणि आम्ही बाहेर बाकावर. नागपूरच्या डॉक्टरांनी ती ओळ वाचली आणि केसपेपरवर लाल शाईने त्या औषधाचे नाव लिहिले. ती ओळ आमच्या हाती आली नसती तर काय झाले असते, याचा विचार आजही नको वाटतो.

अमानतीचे दोन हक

आपण 'अमानत' हा शब्द पैशासाठी, दागिन्यांसाठी सहज वापरतो. रुग्णाच्या कागदांनाही तो तितकाच लागू आहे. रुग्ण आपले शरीर, आपला त्रास, कधी आपली लाज डॉक्टरपुढे उघडी करतो. त्यातून जे कळते आणि लिहिले जाते, ती रुग्णाची अमानत असते. अमानत ठेवून घेणाऱ्यावर दोन जबाबदाऱ्या येतात. मालकाने मागितली की ती परत करायची आणि मालकाच्या इच्छेशिवाय दुसऱ्याला द्यायची नाही. अमानती त्यांच्या हकदारांकडे पोहोचवण्याचा आदेश सूरह अन्-निसामध्ये आहे. सांगणाऱ्याने बोलता बोलता कोणी ऐकत तर नाही ना म्हणून आजूबाजूला पाहिले, तर ते बोलणेही अमानत ठरते, अशी शिकवण पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या हदीसमध्ये मिळते.

देशाचा कायदाही या दोन्ही जबाबदाऱ्या सांगतो. आपल्याला बहुधा दोन्ही माहीत नसतात. म्हणून जिथे कागद हवा तिथे तो मिळत नाही आणि जिथे जायला नको तिथे तो आधी पोहोचतो.

७२ तासांचा नियम

भारतीय वैद्यक परिषदेने २००२ साली डॉक्टरांच्या आचरणाचे नियम केले. त्यानुसार भरती झालेल्या प्रत्येक रुग्णाची नोंद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. रुग्णाने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने कागद मागितले तर त्या मागणीची पोच द्यायची आणि ७२ तासांच्या आत कागद द्यायचे, असे हे नियम सांगतात. नोंदी न ठेवणे आणि मागणी करूनही त्या ७२ तासांत न देणे हे गैरवर्तन मानले आहे. त्यासाठी डॉक्टरवर वैद्यक परिषद कारवाई करू शकते. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवे नियम आणले होते, पण त्याच महिन्यात ते स्थगित झाले आणि २००२ चेच नियम पुढे चालू राहिले. अमेरिकेसारख्या देशात रुग्णालयाला कागद द्यायला तीस दिवसांची मुदत मिळते. आपला नियम त्याहून कितीतरी कडक आहे. तो वापरणारे मात्र थोडे आहेत.

हा हक महाराष्ट्रात त्याआधीच मान्य झाला होता. रघुनाथ रहेजा विरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ साली स्पष्ट केले की, रुग्णाचे कागद खुद्द रुग्णाला किंवा त्याच्या जवळच्या नातेवाईकांना देताना डॉक्टर आणि रुग्णालये गुप्ततेचे कारण पुढे करू शकत नाहीत. गुप्तता रुग्णाच्या संरक्षणासाठी असते. तीच रुग्णाविरुद्ध भिंत म्हणून उभी करता येत नाही. प्रतींचा खर्च मात्र मागणाऱ्याने द्यायचा.

पुढे राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने रुग्णांच्या १७ हक्कांची सनद तयार केली आणि २०१९ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ती राज्यांकडे पाठवली. भरती असतानाच कागदांच्या प्रती शक्यतो २४ तासांत आणि सुट्टी झाल्यावर ७२ तासांत मिळाव्यात, असे ती सांगते. महाराष्ट्राने जानेवारी २०२१ मध्ये शुश्रूषागृह नोंदणी नियमांत बदल केला. तेव्हापासून खासगी रुग्णालयांना रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात की भिंतीवर ती शोधा. नसेल तर नम्रपणे विचारा, "साहेब, सनद कुठे लावली आहे?" एवढ्या प्रश्नानेही पुष्कळदा बोलण्याचा सूर बदलतो.

मागायचे काय आणि कसे?

नुसते 'कागद द्या' म्हटले की पुन्हा डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स मिळते. म्हणून नाव घेऊन मागावे. भरतीच्या वेळचा केसपेपर, डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, नर्सच्या नोंदी व औषधांचा तक्ता, रक्त-लघवीच्या तपासण्या, ईसीजी, इको, सोनोग्राफीचे रिपोर्ट, एक्स-रे फिल्म, सीटी किंवा एमआरआयची सीडी, ऑपरेशन झाले असेल तर ऑपरेशन व भुलीच्या नोंदी, आपण सही केलेली संमतीपत्रे, डिस्चार्ज कार्ड आणि तपशीलवार बिल. मूळ फाईल रुग्णालयाकडेच राहते, आपला हक प्रतींवर आहे. प्रत्येक पानावर 'खरी प्रत' असा शिक्का व सही मागावी. विम्याच्या किंवा कोर्टाच्या कामात त्याचा उपयोग होतो.

मास्तरांनी आम्हाला लिहून दिलेला अर्ज साधारण असा होता. वाचकांनी तो जपून ठेवावा.

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक / संचालक,
(रुग्णालयाचे नाव व पत्ता)

विषय : उपचाराच्या कागदपत्रांच्या प्रती मिळण्याबाबत.

महोदय,
मी / माझे वडील (रुग्णाचे पूर्ण नाव) आपल्या रुग्णालयात दिनांक ....... ते ....... या काळात भरती होतो / होते. नोंदणी क्रमांक ....... आहे. पुढील उपचारासाठी आम्हाला सोबतच्या यादीतील सर्व कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती हव्या आहेत. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार त्या ७२ तासांत द्याव्यात ही विनंती. प्रतींचा योग्य खर्च देण्यास मी तयार आहे. या अर्जाची पोच द्यावी.

आपला / आपली,
(नाव, सही, पत्ता, मोबाईल, दिनांक)

अर्ज रुग्णाने स्वतः केला तर त्याच्या ओळखपत्राची प्रत जोडावी. घरातील दुसऱ्याने केला तर रुग्णाच्या सहीचे किंवा अंगठ्याचे अधिकारपत्र जोडावे. मूल लहान असेल तर आई-वडिलांनी मागावे. रुग्णाचे निधन झाले असेल तर जवळच्या वारसाने मृत्यूचा दाखला आणि नाते दाखवणारा कागद जोडावा. अर्जाच्या दोन प्रती काढाव्यात. एक द्यावी आणि दुसरीवर तारखेसह शिक्का घ्यावा. पोच द्यायला नकार मिळाला तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवावा. पोस्टाची पावती हीच मग पोच.

बिलाचा वाद असेल तर तो वेगळा मांडावा. कागदांच्या हकाला 'आधी पूर्ण बिल भरा' अशी अट या नियमात नाही.

सरकारी रुग्णालयातही हाच रस्ता आहे. आमगावच्या ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधीक्षकांकडे अर्ज करावा, गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तिथल्या अधीक्षकांकडे. तिथे काम झाले नाही तर माहितीच्या अधिकाराचा दुसरा दरवाजा उघडा आहे. जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे अर्ज करायचा आणि दहा रुपये शुल्क भरायचे. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला पुरावा जोडल्यावर शुल्क लागत नाही. उत्तराची मुदत तीस दिवसांची असते, पण जीविताचा प्रश्न असेल तर ४८ तासांची. अर्जात ते कारण स्पष्ट लिहावे. स्वतःचे कागद मागताना ओळखपत्र जरूर जोडावे, कारण दुसऱ्याची खासगी माहिती हाच कायदा देऊ देत नाही.

तरीही नाहीच म्हणाले तर?

भांडण करू नये, आवाजही चढवू नये. आपल्याकडे रागाच्या भरात दवाखान्यात तोडफोड होते. मग ज्याचा हक बुडाला तोच पोलीस ठाण्यात आरोपी म्हणून उभा राहतो. पोच असलेला अर्ज आणि सात-आठ दिवसांनी दिलेले स्मरणपत्र, हे पुरेसे हत्यार आहे.

त्यानंतरची पायरी तक्रारीची. ॲलोपॅथीच्या डॉक्टरची तक्रार मुंबईच्या महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे करता येते. आपल्या भागात आयुर्वेद आणि होमिओपॅथीचे डॉक्टर पुष्कळ आहेत. त्यांच्या परिषदा वेगळ्या आहेत, म्हणून तक्रारीआधी पाटीवरची पदवी पाहावी. खासगी रुग्णालयाविषयी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात लेखी कळवावे.

पैसे देऊन उपचार घेतले असतील तर गोंदियाच्या जिल्हा ग्राहक आयोगातही जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या रकमेच्या तक्रारीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मात्र दोन वर्षांच्या आत जायला हवे. जिथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात अशा रुग्णालयाला हा कायदा लागू होत नाही. हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ठरवून दिले आहे. आयोगाकडे जाण्यापूर्वी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ हा क्रमांक आहे.

एक गोष्ट लक्षात ठेवावी. नोंदी तीन वर्षेच जपण्याचे बंधन आहे. चार वर्षांनी जाग आली आणि 'फाईल रद्दीत गेली' असे उत्तर मिळाले, तर हातात फारसे काही राहत नाही. म्हणून सुट्टीच्या दिवशीच अर्ज द्यावा. तेव्हा गाडी दारात उभी असते आणि सगळ्यांना घरी जायची घाई असते. तरीही दहा मिनिटे थांबावे.

अपघातात हे अधिकच महत्त्वाचे ठरते. मोटार अपघाताची भरपाई मागताना उपचाराचे कागद आणि बिले लागतात. वर्षाला वीस रुपयांच्या पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेतून अपघाती मृत्यूनंतर वारसाला दोन लाख रुपये मिळतात. तिथेही कागदांशिवाय काम पुढे सरकत नाही. घरातला कमावता माणूस गेल्यावर इद्दतीत बसलेल्या बाईकडून कोणी हे कागद गोळा करून घेईल, अशी अपेक्षा ठेवू नये. हे काम भावाने, दीराने, जावयाने पुढे होऊन करावे. ही मोठी खिदमत आहे.

दुसरा हक : गुपित राखण्याचा

आता अमानतीची दुसरी बाजू. आमच्या ओळखीच्या एका घरातील मुलीचे रक्त तपासले. तिला सिकलसेलचा आजार नव्हता, ती फक्त वाहक निघाली. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यात सिकलसेल मोठ्या प्रमाणात आढळतो. वाहक म्हणजे आजारी नव्हे. असा माणूस सहसा इतरांसारखेच निरोगी आयुष्य जगतो. पण रिपोर्ट मुलीच्या हाती पडण्याआधीच तपासणीच्या ठिकाणच्या कोणीतरी चहाच्या टपरीवर ती गोष्ट सांगितली. आठवड्यात 'मुलीच्या रक्तात खराबी आहे' अशी बातमी मोहल्लाभर झाली. बोलणी चालू असलेला रिश्ता मोडला. मुलीने काही लपवले नव्हते. तिला सांगण्याची संधीच मिळाली नाही.

डॉक्टरने उपचार करताना कळलेली रुग्णाची गुपिते उघड करू नयेत, असे तेच २००२ चे नियम बजावतात. अपवाद तीनच आहेत. न्यायाधीशाने आदेश दिला तर, एखाद्या ठरावीक व्यक्तीला किंवा समाजाला गंभीर धोका असेल तर, आणि कळवणे कायद्याने बंधनकारक असलेल्या आजारांबाबत. अशा आजाराची माहितीही सरकारी यंत्रणेला कळवायची असते, शेजाऱ्याला नव्हे.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपण हा मूलभूत हक मानला. काही बाबतीत कायदे आणखी कडक आहेत. एचआयव्ही-एड्सविषयीचा २०१७ चा कायदा कोणाचीही एचआयव्ही स्थिती त्याच्या संमतीविना उघड करण्यास मनाई करतो. त्याच वर्षीचा मानसिक आरोग्य कायदा मनोरुग्णाला आपले मूलभूत कागद पाहण्याचा हकही देतो आणि त्याच्या माहितीची गुप्तताही राखतो. गर्भपात झालेल्या स्त्रीचे नाव व माहिती अधिकार नसलेल्याला सांगणाऱ्या डॉक्टरला २०२१ च्या दुरुस्तीनंतर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

पर्दा पाळणाऱ्या भगिनींसाठी सनदेतील आणखी एक हक कामाचा आहे. पुरुष डॉक्टर स्त्रीची तपासणी करत असेल तर तिथे दुसरी स्त्री हजर असावी. हे मागताना संकोच वाटू देऊ नये. दार लावा, पडदा ओढा, नर्सला बोलवा, असे सांगणे म्हणजे डॉक्टरवर अविश्वास नव्हे.

मग रिश्त्याच्या वेळी काय?

इथे वाचक विचारतील, लग्नाच्या वेळी आजार लपवायचा का? मुळीच नाही. वाहक मुलगा आणि वाहक मुलगी यांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला सिकलसेलचा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते, वाहक होण्याची ५० टक्के आणि दोन्हीतून सुटण्याची २५ टक्के. हे कळल्यावर निर्णय घेणे हा दोघांचा हक आहे. म्हणून आपल्या भागात मंगनीआधी मुलगा आणि मुलगी दोघांनीही तपासणी करून घ्यावी आणि रिपोर्ट एकमेकांना दाखवावा. मुलीचाच रिपोर्ट मागायचा आणि मुलाचा विषयही काढायचा नाही, ही बेइन्साफी आहे. एक वाहक आणि दुसरा निर्दोष असेल तर बाळाला आजार होत नाही. त्या मुलीचा रिश्ता मोडण्याचे काहीच कारण नव्हते.

गुप्ततेच्या मर्यादेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढेही आला होता. 'मिस्टर एक्स विरुद्ध हॉस्पिटल झेड' या १९९८ च्या प्रकरणात एका तरुणाला एचआयव्हीची लागण झाल्याचे रुग्णालयाकडून उघड झाले आणि त्याचे ठरलेले लग्न मोडले. होणाऱ्या पत्नीच्या जिवाला धोका असताना तिचा निरोगी जगण्याचा हक मोठा ठरतो, असे न्यायालयाने म्हटले. नंतरच्या कायद्यात जोडीदाराला कळवण्याची रीत समुपदेशन व अटींसह ठरवून दिली आहे. ज्याच्या जिवाशी संबंध आहे त्याला योग्य रीतीने सांगणे वेगळे आणि टपरीवर सांगणे वेगळे. लपवून फसवणे हा गुन्हा आहे. दुसऱ्याचे गुपित उघडे करणे ही खयानत आहे. मधला रस्ता एकच आहे. ज्याची गोष्ट आहे त्याने स्वतः, योग्य माणसाला, योग्य वेळी सांगावी.

आपल्या घरातूनही गळती होते

दवाखान्याला दोष देताना आपल्या घराकडेही पाहायला हवे. आजाऱ्याची इयादत करणे सुन्नत आहे. पण इयादतीला आलेला माणूस रिपोर्ट हातात घेऊन वाचू लागतो, फोटो काढतो आणि 'दुआ की दरखास्त' म्हणून खानदानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. त्यात नाव, वय, मोबाईल क्रमांक आणि आजार सगळेच असते. दुआ मागायला रिपोर्टचा फोटो लागत नाही. अल्लाहला आजाराचे नाव सांगावे लागत नाही. सूरह हुजुरातमध्ये दुसऱ्याच्या गोष्टींचा कानोसा घेण्यास आणि पाठीमागे निंदा करण्यास मनाई आहे. बीमारपुर्सीच्या नावाखाली या दोन्ही गोष्टी आपल्या हातून नकळत होतात.

सज्ञान मुलीचा, सुनेचा, बायकोचा रिपोर्ट तिचा असतो. डॉक्टरने तो आधी तिला सांगावा आणि तिने कोणाला सांगायचा ते तिने ठरवावे. सुनेच्या पोटी मूल होत नाही म्हणून केलेल्या तपासणीचे कागद नणंदा-जावांच्या बैठकीत वाचले जातात. त्याच वेळी मुलाची तपासणी झालेलीच नसते. ज्या घरात हे चालते, त्या घराला डॉक्टरकडून अमानतीची अपेक्षा करण्याचा कितपत हक आहे?

आता कागद मोबाईलमध्येही आले आहेत. सरकारच्या 'आभा' खात्याला चौदा अंकी क्रमांक असतो. त्यात रिपोर्ट जोडता येतात आणि ते रुग्णाच्या संमतीनेच दुसऱ्या डॉक्टरला दिसतात. नागपूरला जाणाऱ्या आपल्यासारख्यांना ही सोय चांगली आहे. पण संमती ओटीपीवर चालते. कोणी फोन करून ओटीपी मागितला आणि आपण दिला, तर संमती आपणच दिली असे होते. ओटीपी सांगू नये, कार्डाचा फोटो ग्रुपवर टाकू नये.

आजच एक फाईल करा

सूरह बकरामध्ये उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे. वाद आणि विसर टाळण्यासाठी नोंद ठेवणे ही आपल्याला मिळालेली शिकवण आहे. मग शरीराच्या हिशेबाबाबत आपण इतके बेफिकीर का?

घरातील प्रत्येकासाठी एक वेगळी फाईल करा. पहिल्या पानावर नाव, रक्तगट, जुने आजार, चालू गोळ्या आणि ज्या औषधाचा त्रास होतो त्याचे नाव मोठ्या अक्षरात लिहा. त्यामागे तारखेनुसार कागद लावा. तपासणीची छापील पट्टी काही महिन्यांत पुसट होते, म्हणून तिची झेरॉक्स काढून ठेवा. मुलांच्या लसीकरणाची कार्डे त्यांच्याच फाईलमध्ये ठेवा. फाईल कुठे आहे हे घरातील दोन माणसांना माहीत असावे आणि बाकीच्यांच्या नजरेपासून ती दूर असावी.

अब्बांची फाईल आता कपाटात वरच्या फळीवर असते. पहिल्या पानावर अम्मीने त्या इंजेक्शनचे नाव आपल्या हाताने लिहिले आहे. दर महिन्याला नागपूरला जाताना ती फाईल डब्याच्या आधी पिशवीत जाते आणि परत आल्यावर आधी जागेवर ठेवली जाते. अल्लाह सर्व आजाऱ्यांना शिफा देवो आणि आपल्याकडे ठेवलेल्या प्रत्येक अमानतीची राखण करण्याची तौफीक देवो. आमीन.